सेकंडहँड मोटिफ एक्सएफ: नवीन टोन विकत घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. यामाहाचा मोटिफ एक्सएफ ७ हा सिंथ कीबोर्ड सेकंडहँड घेतला. एकेकटा टोन वाजवला की दणदणीत लागतो, पण सोळा ट्रॅकच्या गाण्यात तोच टोन फिका पडतो. काल रेकॉर्ड केलेलं गाणं आज मशीन चालू केल्यावर सापडत नाही. कार्यक्रमात टोन बदलला की आधीचा सूर तुटतो. बासरी, पेटी, ठेका यांसाठी एखादी लायब्ररी विकत घ्यावी का?

लायब्ररीचं शेवटी बघू. वरच्या तक्रारींपैकी एकीचंही उत्तर नवीन टोन हे नाही. एक्सएफ २०१० चा आहे, आत ७४१ एमबीचा वेव्हफॉर्म रॉम (कायमचे भरलेले मूळ आवाज) आहे आणि एका व्हॉइसमध्ये, म्हणजे एका टोनमध्ये, आठ एलिमेंट, म्हणजे आवाजाचे घटक, बसतात. आवाजाची कमतरता नाही. गोंधळ होतो तो कुठली गोष्ट कुठे साठते आणि कुठला इफेक्ट कोणाच्या मालकीचा आहे, हे न कळल्यामुळे. हे दोन मुद्दे पक्के झाले की मशीन दुप्पट मोठं वाटायला लागतं.

आधी मशीनची तपासणी

मागच्या पाटीवर व्होल्टेज वाचा. परदेशातून आलेले पीस आपल्या बाजारात बरेच फिरतात. पाटीवर फक्त १२० व्होल्ट असेल तर पिन बदलणारा अडॅप्टर लावून चालणार नाही, पॉवर सप्लाय जळेल. २३० चं ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. १०० व्हीएचा भरपूर झाला. मांडवात जनरेटरवर वाजवत असाल तर मध्ये यूपीएस हवाच. वीज क्षणभर गेली तरी काय काय पुसलं जातं ते पुढे येईलच.

पियानोचा टोन लावून प्रत्येक की आधी अगदी हळू आणि मग जोरात वाजवा. प्रत्येक कीखाली दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा जुळण्यात किती वेळ गेला यावरून मशीन जोर मोजतं. धूळ बसली किंवा रबराखालचा कार्बन झिजला की हे मोजमाप चुकतं: एखादी की हळू दाबूनही एकदम ओरडते, एखादी मध्येच मुकी राहते. एका कीपुरती तक्रार असेल तर बहुधा नुसती घाण असते. मशीन उघडून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्किटवरचे काळे ठिपके धागे न सुटणाऱ्या कापडाने हलके पुसायचे. रबराची पट्टी मात्र घासू नका, कोरड्या मऊ ब्रशने झटका. पुसूनही दोष तसाच राहिला तर रबराच्या दोन पट्ट्यांची अदलाबदल करून बघा. दोष पट्टीबरोबर सरकला तर रबर बदला, जागेवरच राहिला तर सर्किट तपासा. ही चाचणी केल्याशिवाय पूर्ण कीबेड बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिकला घाईने होकार देऊ नका.

आफ्टरटच (दाबलेली की आणखी दाबणं), रिबन (बोट सरकवायची पट्टी), आठही नॉब आणि आठही स्लायडर हलवत स्क्रीनवरची किंमत बघा. हात काढल्यावरही आकडा थरथरत असेल तर त्या कंट्रोलमध्ये धूळ आहे. फेडरसाठीचा खास क्लीनर मिळतो, तोच वापरा. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर दोन दिवस बरं वाटतं आणि मग ट्रॅकवरचं वंगण धुऊन गेल्यामुळे स्लायडर कायमचा खरखरतो. कोकण, गोवा, मुंबईच्या दमट हवेत मशीन महिनोन्महिने बंद पेटीत ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा तासभर चालू करा.

स्टोअर वेगळं, सेव्ह वेगळं

गायब झालेल्या गाण्याचं उत्तर इथे आहे. व्हॉइस, परफॉर्मन्स (एकत्र जुळवलेले व्हॉइस) आणि मास्टर (मोड व क्रमांक लक्षात ठेवणाऱ्या जागा) 'स्टोअर' केले की मशीनच्या आतल्या फ्लॅश मेमरीत जातात आणि वीज गेली तरी राहतात. गाणी, पॅटर्न आणि अंगच्या १२८ एमबी मेमरीत घेतलेली सॅम्पल्स (रेकॉर्ड करून घेतलेले आवाज) मात्र तात्पुरत्या मेमरीत असतात. मशीन बंद केलं की ती गेली. ती टिकवायची तर फाइल मोडमध्ये जाऊन यूएसबीवर 'सेव्ह' करावं लागतं. गाण्यात स्टोअर दाबल्यावर मशीन निमूटपणे होकार देतं, म्हणून माणूस फसतो. ते स्टोअर केलेलं मिक्सिंगही (गाण्यातल्या सोळा पार्टची मांडणी) गाण्याबरोबर तात्पुरत्या मेमरीतच बसलेलं असतं.

म्हणून मशीन हातात आल्यावर पहिलं काम हे: यूएसबी स्टिक फॅट ३२ मध्ये मशीनवरच फॉरमॅट करा. ८ किंवा १६ जीबीची साधी स्टिक पुरते, फार मोठ्या स्टिकच्या नादाला लागू नका. मग फाइल मोडमध्ये प्रकार 'ऑल' निवडून सगळं सेव्ह करा. एक्सथ्रीए शेपटीची फाइल तयार होईल. मागच्या मालकाने बनवलेले टोन आता सुरक्षित झाले. त्यात काय सोनं आहे ते नंतर शांतपणे ऐकता येईल. त्यानंतरच युटिलिटी, जॉब, एंटर या वाटेने फॅक्टरी सेट करा. सेकंडहँड मशीनच्या निम्म्या विचित्र तक्रारी कोणीतरी बदलून ठेवलेल्या सेटिंगच्या असतात: लोकल कंट्रोल (कीचा अंगच्या आवाजाशी असलेला जोड) बंद, ट्रान्सपोज एकने वर, व्हेलॉसिटी कर्व्ह 'फिक्स्ड'. फॅक्टरी सेटनंतर त्या आपोआप मिटतात.

एक सावधगिरी. 'ऑल' फाइल लोड केली की मशीनमधल्या सगळ्या युझर बँका पुसून तिथे फाइलमधलं येतं. मित्राची फाइल नुसती ऐकायची म्हणून लोड केली आणि आपले टोन गेले, हे फार ठिकाणी घडतं. एखादाच टोन हवा असेल तर फाइलचा प्रकार 'व्हॉइस' ठेवा, फाइल उघडून हवा तो टोन निवडा आणि रिकाम्या जागी घ्या. एक्सएफमध्ये युझर व्हॉइसच्या १२८ च्या चार बँका आहेत. चौथी बँक अशा पाहुण्यांसाठी राखून ठेवा.

एक्सएस म्हणजे याआधीचा मोटिफ. त्याच्या एक्सझीरोए फाइलीही एक्सएफ वाचतो. जुने एक्सएसवाले मित्र असतील तर त्यांच्याकडचे टोन घेता येतात.

गाण्यात टोन फिका का पडतो

व्हॉइस मोडमध्ये तुम्ही जो 'टोन' ऐकता त्यात तीन थर असतात: एलिमेंटचा कोरडा आवाज, त्या व्हॉइसचे स्वतःचे दोन इन्सर्शन इफेक्ट (फक्त त्याच आवाजावर बसणारे), आणि वर रिव्हर्ब व कोरस. व्हॉइस मोडमध्ये हे सगळं एकट्या त्या टोनच्या सेवेत असतं. सोळा पार्टच्या मिक्समध्ये रिव्हर्ब आणि कोरस सामायिक होतात, आणि इन्सर्शन इफेक्ट जास्तीत जास्त आठ पार्टना मिळतात. कुठल्या आठांना, हे मिक्सिंग एडिटच्या कॉमनमधल्या इफेक्टच्या पानावर 'इन्सर्ट स्विच'मध्ये ठरतं. ज्या पार्टचा स्विच बंद आहे तो कोरडा ऐकू येतो. रोटरी स्पीकरशिवायचा ऑर्गन, ॲम्पशिवायची गिटार. टोन बिघडलेला नसतो, त्याचे कपडे काढून घेतलेले असतात.

वाटप विचारपूर्वक करा. ऑर्गन, डिस्टॉर्शन गिटार, इलेक्ट्रिक पियानो, लीड सिंथ यांना इन्सर्शनशिवाय जगता येत नाही. ड्रमला बहुधा द्यावाच लागतो, कारण कॉम्प्रेशन तिथे असतं. बेसला पुष्कळदा लागत नाही. स्ट्रिंग्ज आणि पॅडचं काम सामायिक रिव्हर्बवर भागतं.

रिव्हर्ब-कोरसचं असं करा: गाण्यातला सर्वांत महत्त्वाचा टोन व्हॉइस मोडमध्ये उघडा, त्याच्या इफेक्टच्या पानावरचे रिव्हर्ब व कोरसचे प्रकार आणि सेंडचे (किती आवाज त्या इफेक्टकडे जातो त्याचे) आकडे कागदावर टिपा, आणि मिक्सिंगमध्ये तेच हाताने लावा. बाकीच्या पार्टचे सेंड त्याच्या मानाने कमी-जास्त करा. दर टोनला स्वतःचा मोठा हॉल हवा हा हट्ट सोडला की मिक्स साफ होतं. पार्टचा व्हॉइस बदलताना 'पॅरामीटर विथ व्हॉइस' चालू आहे का तेही बघा. तो बंद असेल तर आधीच्या टोनचे पॅन, फिल्टर वगैरे नव्या टोनला चिकटून राहतात, आणि माणूस तासभर ईक्यू फिरवत बसतो.

दुसरं कारण पॉलिफनीचं, म्हणजे एकावेळी किती आवाज वाजू शकतात याचं. मशीनची पॉलिफनी १२८ आहे, पण ती दाबलेल्या कीची संख्या नव्हे. स्टीरिओ वेव्हफॉर्मचं एक एलिमेंट दोन आवाज खातं. आठही एलिमेंट स्टीरिओ असतील आणि एकदम वाजत असतील तर एक की १६ आवाज घेते. पॅडल दाबून अशा आठ की धरल्या की १२८ संपले. मग मशीन आधीचे आवाज कापायला लागतं आणि ते नेमकं स्ट्रिंग्जच्या शेपटीत ऐकू येतं. व्हेलॉसिटीनुसार बदलणारे एलिमेंट एकावेळी एकच वाजतात, ते मोजू नका. उपाय साधा आहे: पार्श्वभूमीच्या पॅडचे दोन-तीन एलिमेंट बंद करून तो युझर बँकेत 'हलका' म्हणून वेगळा स्टोअर करा. गाण्यात तो फरक कानाला कळत नाही.

टोन बदलताना सूर न तोडता

व्हॉइस मोडमध्ये टोन बदलला की आधीचा सूर कापला जातो, त्याला इलाज नाही. सूर न तुटता टोन बदलायची सोय यामाहाने २०१६ च्या मोंटाज या पुढच्या सिंथमध्ये दिली. एक्सएफवर वाट वेगळी आहे, आणि ती इतकी चांगली आहे की कार्यक्रमात व्हॉइस मोड वापरूच नये असं माझं मत आहे.

एका गाण्याच्या मिक्सिंगमध्ये सोळा पार्टवर त्या कार्यक्रमाला लागणारे सोळा टोन बसवा. ट्रॅकचं बटण पेटवून १ ते १६ ची बटणं दाबलीत की कीबोर्ड त्या त्या पार्टकडे जातो. आधीच्या पार्टवर पॅडलने धरलेली स्ट्रिंग्ज वाजत राहते आणि हाताखाली बासरी येते. कुठला पार्ट वाजणार ते रिसीव्ह चॅनलवरून ठरतं. दोन पार्टना एकच चॅनल दिला तर ते एकत्र वाजतात, म्हणजे लेयर झाला. त्याच पार्टना नोट लिमिट दिली तर स्प्लिट झाला.

वाटप ठरवताना अनुभवी वादक जोडीने लागणारे टोन शेजारी ठेवतात आणि इन्सर्शनवाले आठ पहिल्या ओळीत. मग हे गाणं 'ऑल' फाइलमध्ये सेव्ह करा. युटिलिटीतल्या ऑटो लोडला ती फाइल नेमून दिली की मशीन चालू होताच सेटअप भरून येतो. सॅम्पल्स जितकी जास्त तितका वेळ लागतो, हे साउंड चेकआधी ध्यानात ठेवा. वेगवेगळ्या कार्यक्रमांसाठी मास्टर मोड आहे: १२८ मास्टर, प्रत्येकात मोड आणि क्रमांक लक्षात राहतो. त्यांना गाण्यांची नावं दिलीत की ती सरळ सेट लिस्टच झाली.

बासरी आणि पेटी

बासरीसाठी फ्लूटचा कुठलाही साधा, कोरसविरहित टोन घ्या. कॉमन एडिटच्या प्ले मोडमध्ये 'पॉली'चं 'मोनो' करा. पोर्टामेंटो चालू, मोड 'फिंगर्ड'. म्हणजे आधीची की धरून पुढची दाबली तरच मींड येईल, उचलून दाबली तर सूर स्वच्छ उभा राहील. टाइम आधी ३० च्या आसपास ठेवा आणि गाण्याच्या लयीप्रमाणे वाढवा. पिच बेंड वर २, खाली २ वरच असू द्या. मोठी रेंज दिली की कणसूर हाताबाहेर जातात.

आता एक्सए कंट्रोल, म्हणजे वाजवण्याच्या पद्धतीप्रमाणे कुठलं एलिमेंट वाजावं ते ठरवणारी सेटिंग. फुंकरीचा आवाज असलेलं एलिमेंट 'नॉर्मल' ठेवा. त्याचीच नकल दुसऱ्या एलिमेंटवर घेऊन तिचा अटॅक मऊ करा आणि तिला 'लेगॅटो' द्या. जोडून वाजवलेल्या स्वरांना फुंकर लागणार नाही, नवीन श्वासाच्या स्वराला लागेल. सिंथची बासरी ओळखू येते ती दर स्वराला फूं केल्यामुळे. व्हायब्रेटो मॉड्युलेशन व्हीलवर ठेवण्यापेक्षा आफ्टरटचवर ठेवा, डावा हात पिच बेंडसाठी मोकळा राहतो.

पेटीचं गणित वेगळं आहे. हार्मोनियमच्या पट्टीला जोर कळत नाही, भात्याला कळतो. अकॉर्डियनच्या एका रीडचा टोन घेऊन प्रत्येक एलिमेंटच्या ॲम्प्लिट्यूडमधली व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी शून्य करा. भाता म्हणून फूट कंट्रोलरच्या जॅकला एफसी ७ पॅडल लावा आणि त्याला सीसी ११ (एक्स्प्रेशनचा मिडी कंट्रोल क्रमांक) द्या. सीसी ७ दिलात तर पार्टचा मिक्समधला व्हॉल्यूमच हलेल आणि पुढच्या गाण्यात पेटी कमी का, हे शोधत बसाल. पॅडल शून्यापर्यंत न्यायची सवय लावू नका, खरा भाता सुरांच्या मध्ये कधी पूर्ण मिटत नाही.

मायक्रो ट्युनिंग कॉमनमध्येच आहे आणि ते फार कमी लोक उघडून बघतात. यादीत 'इंडियन' नावाचंही एक आहे, पण ते फक्त पांढऱ्या पट्ट्यांपुरतं आहे, त्यामुळे काळी एकच्या गायकाबरोबर कामाचं नाही. 'प्युअर मेजर' निवडा आणि रूट गायकाच्या षड्जावर ठेवा. काळी एक असेल तर सी शार्प. शुद्ध गंधार साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे दोन शेजारच्या कींमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली येतो आणि तानपुऱ्याबरोबर एकदम बसतो. हे एकट्या सुरावटीसाठीच. त्याच वेळी दुसरा कीबोर्ड किंवा गिटार समान स्वरांतरांचे कॉर्ड देत असेल तर हाच गंधार बेसूर वाटेल. म्हणून पेटीचे दोन व्हॉइस स्टोअर करा: अभंग आणि नाट्यपदासाठी शुद्ध, ऑर्केस्ट्रासाठी साधा.

ठेका

आत ७,८८१ अर्पेजिओ (की दाबताच आपोआप वाजणारे तयार साचे) आहेत आणि त्यांतले केरव्याला उपयोगी पडणारे शोधण्यात आयुष्य जाईल. स्वतः बनवायला तेवढा वेळ लागत नाही. पॅटर्न मोडमध्ये केरव्यासाठी ४/४ चा एक बार घ्या, आठ मात्रा म्हणजे आठ आठव्या नोट. दादऱ्यासाठी ६/८ चा एक बार. ठेका बोटांनी वाजवून रेकॉर्ड करा. क्वांटाइझ (नोट तालावर आणून बसवणं) पूर्ण १०० टक्के लावू नका, स्ट्रेंग्थ ७०च्या आसपास ठेवली तर हाताची चाल शिल्लक राहते. मग पॅटर्नच्या जॉबमधून ट्रॅक अर्पेजिओत टाका आणि प्रकार 'फिक्स्ड' निवडा. 'नॉर्मल' ठेवलात तर दाबलेल्या कीप्रमाणे नोट बदलतील आणि डग्ग्याच्या जागी झांज वाजेल. एका युझर अर्पेजिओत १६ पेक्षा जास्त वेगवेगळ्या नोट मावत नाहीत. तबल्याच्या किटमध्ये खूप बोल पसरले असतील तर काही गळतात, आणि ठेका अर्धवट वाटतो तो त्यामुळे.

मूळ ठेका, भरणा, तिहाई आणि उठाण असे चार प्रकार स्क्रीनखालच्या एसएफ बटणांवर लावा. पाचवं बटण रिकामं ठेवा, थांबायला उपयोगी पडतं. युझर अर्पेजिओसाठी २५६ जागा आहेत, बऱ्याच मंडळींच्या गरजेपेक्षा जास्त.

बाहेर आवाज कसा न्यायचा

मुख्य आउटपुट अनबॅलन्स्ड आहेत. स्टेजवर पाच-सहा मीटरच्या पुढे केबल जाणार असेल तर स्टीरिओ डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) लावा, नाहीतर लाइटिंगच्या डिमरची भुणभुण आत शिरते. मास्टर व्हॉल्यूम पाऊणच्या वर ठेवा आणि मिक्सरवर कमी करा. खाली ठेवून मिक्सरवर गेन वाढवलात तर हिस वाढतो.

यूएसबीतून कॉम्प्युटरकडे फक्त मिडी (सुरांच्या सूचना) जाते, ऑडिओ जात नाही. हे विक्रेते क्वचितच सांगतात. एफडब्ल्यू १६ई फायरवायर बोर्ड बसवलेलं मशीन मिळालं तरी त्यासाठी जास्त पैसे मोजू नका, नव्या कॉम्प्युटरवर ते चालवणं म्हणजे डोकेदुखी आहे. घरच्या रेकॉर्डिंगला कोॲक्शियल डिजिटल आउट उत्तम, इंटरफेस ४४.१ किलोहर्ट्झवर आणि क्लॉक (डिजिटल ऑडिओची वेळ) बाहेरून घेणारा ठेवा. क्लॉक जुळला नाही तर दर काही सेकंदांनी टिक ऐकू येते आणि दोष बिचाऱ्या केबलला जातो. ॲसाइनेबल आउटपुटच्या जोडीवर बेस आणि किक काढता येतात, तेवढ्याने साउंड इंजिनिअर खूश होतो.

आता लायब्ररी

अंगची १२८ एमबी मेमरी बंद केल्यावर रिकामी होते, म्हणून मोठ्या सॅम्पल लायब्ररीला एफएल ५१२एम किंवा एफएल १०२४एम हे फ्लॅश बोर्ड लागतात. दोन खाचा आहेत, दोन्ही मिळून २ जीबी. हे बोर्ड यामाहाचेच लागतात; संगणकाची मेमरी बसत नाही. आता ते नवे मिळणं कठीण झालं आहे. म्हणून मशीन घेतानाच बोर्ड बसवलेला आहे का ते विचारा. असला तर मशीनची किंमत थोडी जास्त द्यायला हरकत नाही. त्यावर आधीच भरलेल्या सॅम्पल्सच्या मूळ फाइली विक्रेत्याकडून मागून घ्या. बोर्ड कधी फॉरमॅट करावा लागला तर नुसत्या व्हॉइसच्या नावांचा काही उपयोग नाही. वेव्हफॉर्म नसलेला व्हॉइस मुका राहतो.

बोर्ड नसेल तर विकतची मोठी लायब्ररी घेऊ नका. तबला-डग्ग्याचे दहा-बारा बोल, टाळ, चिपळ्या आणि तुणतुण्याची एक तार स्वतः सॅम्पल करा. चांगल्या माइकने मोनोमध्ये घेतलेला एकेक बोल दोन सेकंदांचा धरला तरी सगळं मिळून पाच-सहा एमबीच्या आत बसतं, आणि यूएसबीवरून लोड व्हायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक बोल हळू आणि जोरात असा दोनदा घ्या. व्हेलॉसिटी ८० च्या खाली एक, वर दुसरा. ना आणि तिं हे एकाच अल्टरनेट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे एक वाजला की दुसऱ्याची आस थांबेल. डग्ग्याचा घुमारा मात्र त्या ग्रुपबाहेर ठेवा, तो चाटीच्या बोलांखाली चालू राहायला हवा.